मांजरातलं माणूसपण : हलक्याफुलक्या कवितांचा धागा

उंबरठा

परवा माझी जुनी वही वाचायला घेतली. गेली काही वर्षं मी मांजरांवर छोट्या छोट्या कविता लिहिते, चाळीसेक झाल्या असतील. त्यातल्या निम्म्याहून जास्त मी काढून टाकल्या. एकीत मांजर न्यायाधीश होती, एकीत खाष्ट सासू, एकीत मंत्री. मिशा आणि शेपूट काढून घेतली की त्या कवितांमध्ये नुसता माणूस उरत होता. मांजर त्यात कधी नव्हतीच.

ज्या कविता टिकल्या त्या सगळ्या मी डोळ्यांनी पाहिलेल्या एखाद्या गोष्टीपासून सुरू झाल्या होत्या. ही त्यातली एक:

दार उघडता उंबरठ्यावर
मनी थबकली, विचार आला :
'आत ऊब अन् समोर वारा,
कुणास सोडू, धरू कुणाला?'

दार धरुन मी उभीच आहे,
तिची शेपटी हलते काही;
इतक्या शांतपणाने निर्णय
घरात कोणी घेतच नाही.

दारात अडून राहणं हे खास मांजराचं वागणं आहे. बाहेर पाऊल टाकण्याआधी ती वास घेते, कान फिरवते, अंदाज घेते. शिकार करणारा आणि स्वतःही शिकार होऊ शकणारा तो जीव आहे, सावध राहणं त्याला भागच आहे. पण पाहणाऱ्याला त्यात एक धिम्या स्वभावाचा, घाई न करणारा माणूस दिसतो. असं माणूसपण मला कवितेत हवं आहे, तिच्या वागण्यातून आपोआप उमटलेलं.

तुमच्याही कविता इथे द्या. अट एकच : मांजराने खरोखर केलेली एखादी गोष्ट कवितेत असावी.

मात्रापंत

फार चांगला विषय काढलात. आणि पादाकुलक सांभाळलंयत, दर ओळीत १६ मात्रा. संथ चालीला हे जातिवृत्त शोभतं.

मी आमच्या बोक्यासाठी भुजंगप्रयात घेतलं. लगागा (लघु-गुरु-गुरु) चार वेळा, १२ अक्षरं. या वृत्तात एक डुलत पुढे जाणारी चाल आहे, बोका अंगणातून जातो तशी. रामदासांनी मनाचे श्लोक याच वृत्तात लिहिले, त्यामुळे आपल्या कानाला ते गंभीर उपदेशाचं वाटतं. तोच भारदस्तपणा मला बोक्याला द्यायचा होता.

उडी मारताना जरा तोल गेला
जमीनीवरी तो महाराज आला
जराही न लाजे, न पाही कुणाला
बसूनी तिथे चाटतो पावलाला

कपाटावरून घसरल्यावर त्याने लगेच पंजा चाटायला घेतला, अगदी याच कामासाठी खाली उतरल्यासारखा. मांजर गोंधळली किंवा ताणात आली की अंग चाटू लागते, त्याने ती शांत होते. आपणही अडखळून पडता पडता वाचलो की केस सारखे करतो, पदर नीट करतो.

खिडकीतली

पंत, शेवटची ओळ वाचून मी आमच्या मनीकडे पाहिलं, ती त्या क्षणी तेच करत होती.

टिपूर

वृत्तात बसवणं मला जमत नाही. आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची, तेवढीच चाल कानात आहे. तीन चरणांना यमक आणि चौथा तोकडा, एवढं धरून लिहिलं आहे.

पहाटेचा पहिला प्रहर । पाऊल ठेवी गालावर ।
नखं आत, दाब हळुवार । हाक मारी ॥

उठले की पळे पुढे । थांबून पाही माझ्याकडे ।
मग रिकाम्या वाटीकडे । बोट दावी ॥

उंबरठा

टिपूर, पहिली ओवी मला पाठच झाली. 'नखं आत' या दोन शब्दांत सगळा लळा आला आहे. ज्या पंजाने ती उंदीर फाडू शकते तोच पंजा गालावर ठेवताना ती नखं आवरून घेते. यापेक्षा माणुसकीची गोष्ट आणखी कुठली शोधायची?

दुसरीतल्या 'बोट दावी'शी मात्र मी अडखळले. मांजर बोट दाखवत नाही. ती वाटीकडे बघते, परत आपल्याकडे बघते, दोन पावलं चालून थांबते. त्या एका शब्दाने तिच्या जागी माणूस येऊन उभा राहिला.

टिपूर

खरं आहे ताई. लिहिताना यमकाच्या नादात लक्षातच आलं नाही. विचार करते.

रानवाट

थोडं वेगळं बोलतो. आपल्या भाषेने मांजरावर अन्याय केला आहे असं मला बरेच दिवस वाटतं आहे. म्हणी पाहा. मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणजे चोरी करताना जगाला आंधळं समजतं. शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं फावलं. जुन्या कथांतही तेच. हितोपदेशातला दीर्घकर्ण नावाचा बोका आपण व्रत करतो असं सांगून आंधळ्या गिधाडाचा विश्वास मिळवतो, झाडावरची पिल्लं खाऊन पळतो आणि मरतं बिचारं गिधाड. महाबलीपुरमच्या ७व्या शतकातल्या प्रचंड शिल्पपटावर एक मांजर पुढचे पाय वर करून तप करते आहे आणि तिच्याभोवती उंदीर आहेत. शिल्प फार सुंदर आहे, ती मांजर अगदी तपस्व्यासारखी दिसते, पण अर्थ तोच : ढोंगी.

म्हणजे माणूसपण द्यायचंच होतं तर आपण आपला दांभिकपणा तेवढा तिला दिला. आणि ती डोळे का मिटते? २०२० साली ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की माणसाने मांजराकडे पाहून डोळे सावकाश बारीक करून मिटले तर मांजरही तसंच करण्याची शक्यता वाढते, आणि अनोळखी माणसाच्या हाताकडेही ती जास्त मोकळेपणाने येते. आपल्यासमोर डोळे मिटणं हा तिचा भरवसा आहे. त्यालाच आपण पिढ्यान् पिढ्या चोरी म्हणत आलो.

मात्रापंत

रानवाट, तुमचं म्हणणं पटतं, पण परंपरेत एवढंच नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णव संप्रदायात भक्तीचे दोन न्याय, म्हणजे दाखले, सांगतात. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहतं, तो मर्कटन्याय. मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला मानेला धरून उचलून नेते, तो मार्जारन्याय. तेंगलै आणि वडगलै या दोन पंथांत यावर मोठा वाद झाला आहे. म्हणजे एकीकडे मांजर ढोंगी, तर दुसरीकडे प्रत्यक्ष देवाच्या कृपेला उपमा मांजरीची!

आणि आपली ती म्हण विसरलात का : मांजरीचे दात तिच्या पिलाला लागत नाहीत. ज्याने ही म्हण पहिल्यांदा उच्चारली त्याने मांजरीला जवळ बसून पाहिलेलं होतं.

रानवाट

पंत, ही म्हण माझ्या मनात आलीच नव्हती. मान्य. एक लिहून पाहिलं आहे, मुक्तच आहे :

तू म्हणतोस, डोळे मिटून
चोरी करते ती.
अरे, तुझ्यासमोर डोळे मिटून
निर्धास्त बसते ती.

खिडकीतली

शेवटच्या ओळीला माझ्या मांडीवर एक जण घुरघुरतो आहे. छान.

अर्धमात्रा

मला यमकांबद्दल बोलायचं आहे, कारण उंबरठाताई म्हणतात तो दोष पुष्कळदा यमकामुळे शिरतो.

'मांजर' या शब्दाला यमक मिळता मिळत नाही. म्हणून आपण 'बोका' घेतो. आणि 'बोका' घेतला की मागोमाग काय येतं? धोका, मोका, ठोका, खोका. एका बाजूला दगाबाजी, दुसऱ्या बाजूला मारामारी. आपण ठरवलेलं नसतानाही बोका चौथ्या ओळीत खलनायक होतो. 'मनी'ला मात्र गुणी, कुणी, धनी मिळतात, आणि मनातली मनी असा श्लेषही आयता मिळतो, म्हणून मनी नेहमी गोड, लाडिक. मुलांसाठीच्या कवितांमध्ये बोका आडदांड आणि मनी शहाणी दिसते, त्यात या यमकांचा मोठा हात असावा असं मला वाटतं. प्रत्यक्षात आमच्या घरात बोका लाजाळू आहे आणि मनी मुलखाची भांडकुदळ.

दुसरं आपल्या लिंगांचं. ते मांजर, ती मांजरी, तो बोका. मराठीत पहिल्याच ओळीत यातलं एक निवडावं लागतं आणि निवडताक्षणीच निम्मं माणूसपण चढून बसतं. 'ते' म्हटलं की प्राणी लांब उभा राहतो, 'ती' म्हटलं की घरातली होते. मी हल्ली मुद्दाम 'ते'ने सुरुवात करते आणि ज्या ओळीत ते मांजर माझ्याकडे बघतं त्या ओळीत 'ती' वर येते. करून पाहा, कवितेतच ओळख होते.

उंबरठा

अर्धमात्रा, किती बारीक पाहिलंत! 'ते'पासून 'ती'पर्यंतचं अंतर म्हणजे मांजर घरात येण्याचा सगळा प्रवासच आहे. आधी 'एक मांजर येतं हल्ली', मग 'ते आलं का आज', आणि एक दिवस 'ती जेवली का?'

नवा_वाचक

मी कविता लिहीत नाही. 'मी मालक नाही, मी तर तिचा नोकर' अशा आशयाच्या ओळी सगळीकडे वाचून आता कंटाळा येतो. इथे तसं एकही नाही हे बरं वाटलं. दुसऱ्या भाषांत मांजरांवर अशा हलक्या कविता आहेत का?

मात्रापंत

पुष्कळ. मला मनापासून आवडतात त्या सांगतो.

९व्या शतकात एका आयरिश साधूने आपल्या पांगुर नावाच्या पांढऱ्या मांजरावर आठ कडव्यांची कविता लिहिली. साधू शब्दाचा अर्थ शोधतो आहे, मांजर उंदीर शोधते आहे. दोघं एका खोलीत, दोघं आपापल्या कामात, कुणी कुणाच्या आड येत नाही. साधूने तिला माणूस केलेलं नाही आणि स्वतःलाही मोठं केलेलं नाही. ती कविता ऑस्ट्रियातल्या एका मठातल्या हस्तलिखितात टिकली आहे. उंबरठाताईंची अट ती अकराशे वर्षांपूर्वी पाळते.

आपल्याकडे १८व्या शतकात मीर तकी मीरने आपल्या मोहनी नावाच्या मांजरीवर मस्नवी (दोन-दोन ओळींना यमक असलेली दीर्घ कविता) लिहिली. प्रेमाच्या वेदनेचा एवढा मोठा शायर, आणि घरातल्या मांजरीसाठी त्याने वेळ काढला.

त्याच शतकातला इंग्रज कवी क्रिस्टोफर स्मार्ट मनोरुग्णालयात डांबलेला होता. सोबतीला जेफ्री नावाचं मांजर. सकाळी उठून ते अंग कसं चाटतं, ताणतं, लाकडावर नखं कशी घासतं हे त्याने एकेक करून, स्तोत्र म्हणावं तसं लिहिलं, आणि ते प्रत्येक कृत्य त्याला देवाची पूजा वाटलं. हे लेखन तब्बल १९३९ साली छापलं गेलं. आणि योगायोग असा, की त्याच १९३९ साली टी. एस. एलियटच्या मांजरांच्या गमतीदार कवितांचं पुस्तक आलं. त्या त्याने मित्रांच्या मुलांसाठी लिहिल्या होत्या. त्यातल्या मांजरांना धंदे आहेत, सवयी आहेत, नावंही तीन तीन आहेत. एवढ्या गंभीर कवीच्या लेखणीतून त्या उतरल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रानवाट

पण पंत, एलियटची मांजरं तर माणसांचीच कामं करतात. उंबरठाताईंच्या चाळणीतून ती पडतील का?

उंबरठा

मी रात्रभर यावर विचार केला. पडतील असं वाटतं, कारण त्या कामांच्या मुळाशी मांजराचीच खोड आहे. दार उघडं असलं तर बंद हवं, बंद असलं तर उघडं हवं, अशी खोड असलेलं एक मांजर त्यात आहे. ती कविता एलियटने लिहिली नसती तरी माझ्या घरात रोज घडलीच असती. म्हणजे मांजराला टोपी घालू नये असं मी म्हणणार नाही. टोपीखाली कान दिसत राहावेत, एवढंच.

खिडकीतली

वात्रटिका देते. पूर्ण वाढलेली मांजरं एकमेकांशी क्वचितच म्यांव म्यांव करतात, ते बोलणं ती मुख्यतः माणसांसाठी वापरतात, हे कळल्यापासून मला प्रत्येक म्यांवचं फार मोल वाटतं.

मांजराला भेटे मांजर,
बोले शेपूट, बोले कान;
'म्यांव' मात्र राखून ठेवी
माणसासाठी, ज्याला नाही
शेपटीचं भान.

टिपूर

ही सगळ्यांत आवडली! आपल्याला तिची भाषा येत नाही म्हणून तिने आपल्यासाठी वेगळी भाषा काढली. एवढी समजूत माणसं तरी कुठे दाखवतात.

अबोल_झाड

मी इथे फारसं लिहीत नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी असं वाटलं.

आमचा बोका तीन-चार दिवस ठरलेली जागा सोडून खोलीच्या कोपऱ्यात बसायचा, लघवीला बसल्यासारखा, आणि थोडीशीच व्हायची. मी नुकतीच कामावरून उशिरा यायला लागले होते. मला वाटलं, रागावला आहे, सूड घेतो आहे. मी त्यावर चार ओळी लिहिल्या, 'रुसले महाराज' म्हणून मैत्रिणींना पाठवल्या, सगळ्यांना आवडल्या. पाचव्या दिवशी तो खाईना आणि उचलल्यावर कण्हला. डॉक्टरांनी पोटाला हात लावताच सांगितलं, लघवीचा मार्ग तुंबला आहे. बोक्यांमध्ये हे होतं, आणि एकदा पूर्ण तुंबलं तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तो वाचला.

ती कविता मी फाडली. ती वाईट लिहिली होती असं नाही, यमकं चांगली होती. पण मी त्याच्या दुखण्याला त्याचा माझ्यावरचा राग समजले. मांजर दुखणं लपवते. घुरघुरणंसुद्धा नेहमी आनंदाचं नसतं, दुखत असताना, घाबरलेली असतानाही ती घुरघुरते. त्यामुळे तिच्या वागण्यात माणूस दिसला की आधी मी एकदा थांबते. वागणं अचानक बदललं असेल तर वही नंतर, डॉक्टर आधी.

उंबरठा

अबोल_झाड, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी कवितेपुरता विचार करत होते. तुम्ही सांगितलंत त्यात मांजराचा जीव आहे. धाग्याच्या पहिल्या पोस्टमध्ये मी ही गोष्ट वर जोडते आहे, म्हणजे इथे येणारा प्रत्येक जण आधी ती वाचेल.

अर्धमात्रा

ताई, तो वाचला हे वाचून जीव भांड्यात पडला. आता कसा आहे?

अबोल_झाड

आता बरा आहे. पाणी जास्त प्यावं म्हणून तीन ठिकाणी वाट्या ठेवल्या आहेत. तो चौथ्याच ठिकाणी पितो, बादलीतलं. यावर मात्र लिहीन कधीतरी.

सांजवेळ

या धाग्यावर दुःखाची कविता चालेल का? आमची मनी आता १७ वर्षांची आहे. वाकडी होत चालली आहे, सांधे धरतात. वर्षभरापूर्वीपर्यंत एका झेपेत खिडकीत जायची. अष्टाक्षरीत लिहिलं आहे.

खिडकीशी बसते ती,
उडी आता थांबलेली;
नजरेने चढे वर,
पाखरांत रमलेली.

मी उचलून ठेवते
तिथे, जिथे होती काल;
ती न बघे माझ्याकडे,
जणू तिचीच ही चाल.

मात्रापंत

सांजवेळ, दोनदा वाचली. पंजा चाटणाऱ्या माझ्या बोक्याचीच ही गोष्ट आहे, पण तुमची कुठल्या कुठे पोचली. तिथे पडल्यावरचा मान होता, इथे म्हातारपणातला. कुणी उचलून ठेवलं हे तिला ठाऊक आहे, आणि ते न दाखवण्याची मुभा तुम्ही तिला दिलीत.

हलक्या कवितेत दुःख मावतं. टॉमस ग्रे या कवीने १७४७ साली मित्राच्या मांजरीच्या मृत्यूवर लिहिलं. सोनेरी माशांच्या भांड्यात डोकावताना ती पडून बुडाली. कविता खेळकर आहे, ऐटबाज आहे, आणि तरी वाचून झाल्यावर ते पाणी डोळ्यांसमोरून हलत नाही.

रानवाट

खिडकीखाली एखादी पेटी किंवा उतरती फळी ठेवून पाहिलीत का? आमच्या म्हाताऱ्या बोक्याला दोन पायऱ्या करून दिल्या, तर तो स्वतःच जायला लागला. अगदी हळू, पण स्वतः.

सांजवेळ

नाही, सुचलंच नव्हतं. आज करते.

टिपूर

ताई, ओवी दुरुस्त केली. एकच अक्षर बदललं. चार दिवस पहाटे मुद्दाम उठून तिच्या मागे गेले, ती काय करते ते बघायला.

उठले की पळे पुढे । थांबून पाही माझ्याकडे ।
मग रिकाम्या वाटीकडे । वाट दावी ॥

उंबरठा

वाटीकडे वाट! आणि ती खरोखरच वाट दाखवते, पुढे चालते, मागे वळून पाहते. आता या ओवीत तीच आहे.

सांजवेळ

जाड पुठ्ठ्याच्या दोन पेट्या एकावर एक बांधल्या, वर जुनी सतरंजी घातली. दुपारभर तिने तिकडे पाहिलं नाही. आत्ता दिवा लावायला गेले तर ती वर बसली आहे, खिडकीच्या काचेला नाक लावून. मी तिला उचललेलं नाही. दुसरं कडवं आता बदलावं लागेल.